प्रभावी नाभीय अंतर (छायाचित्रण)

प्रभावी नाभीय अंतर म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस केलेली असताना तिचे प्रत्यक्षात असणारे नाभीय अंतर. लेन्सवर कोरलेला आकडा (उदा. ५० मिमी, १०० मिमी, २०० मिमी) हा लेन्स अनंत अंतरावरील वस्तूवर फोकस केलेली असतानाचा असतो. वस्तू जवळ आली की बहुतेक आधुनिक लेन्सच्या आतील काही भिंगे सरकतात आणि संपूर्ण लेन्सचे नाभीय अंतर बदलते, सहसा कमी होते. फोकस बदलताना चौकटीत मावणारे दृश्य किंचित आकुंचन किंवा प्रसरण पावते, त्याला फोकस ब्रीदिंग (लेन्सचा 'श्वास') म्हणतात.

नाभीय अंतर घटणे आणि दृश्यकोन बदलणे या दोन गोष्टी एकच मानल्या जातात, पण त्या भिन्न आहेत. नाभीय अंतर मुळीच न बदलणाऱ्या लेन्समध्येही ब्रीदिंग होते, आणि नाभीय अंतर बरेच घटलेल्या लेन्समध्ये ते जवळजवळ नसू शकते. छायाचित्रावरून वस्तूचे माप काढायचे असते तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या शिल्पसमृद्ध वास्तूंचे दस्तऐवजीकरण हे अशा कामाचे उदाहरण आहे.

## संज्ञा

या लेखातील सूत्रांत पुढील चिन्हे वापरली आहेत. सर्व अंतरे धन मानली आहेत. शालेय पुस्तकांतील कार्टेशियन चिन्ह संकेत येथे पाळलेला नाही.

* न : भिंगाचे नाभीय अंतर
* अ : भिंगापासून वस्तूचे अंतर
* प : भिंगापासून प्रतिमेचे (म्हणजे सेन्सर किंवा फिल्मचे) अंतर
* म : विशालन, म्हणजे प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची

विशालन १ असेल तर सेन्सरवरील प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असते. छायाचित्रकार याला 'एकास एक' म्हणतात. मॅक्रो छायाचित्रणाची लेन्स सहसा या मर्यादेपर्यंत पोहोचते.

## पातळ भिंगाचे सूत्र

एकाच पातळ बहिर्गोल भिंगासाठी पुढील संबंध लागू होतो.

१/अ + १/प = १/न

त्यावरून दोन उपयुक्त सूत्रे मिळतात.

प = न × (१ + म)

अ = न × (१ + १/म)

वस्तू अनंत अंतरावर असताना म शून्य असतो आणि प्रतिमा नाभीय अंतराइतक्या अंतरावर पडते. वस्तू जवळ आली की प वाढतो, म्हणून भिंग सेन्सरपासून दूर न्यावे लागते. चौकटीत किती दृश्य मावेल हे नाभीय अंतरावर नव्हे, तर प या अंतरावर ठरते. अनंतावर फोकस असताना दोन्ही समान असल्यामुळे हा भेद लक्षात येत नाही.

५० मिमीचे भिंग आणि ३६ मिमी रुंदीचा (फुल-फ्रेम) सेन्सर घेतल्यास आडवा दृश्यकोन आणि सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश असा बदलतो:

* म = ० : प ५० मिमी, दृश्यकोन ३९.६°, प्रकाश १०० टक्के
* म = ०.१ : प ५५ मिमी, दृश्यकोन ३६.२°, प्रकाश सुमारे ८३ टक्के
* म = ०.२५ : प ६२.५ मिमी, दृश्यकोन ३२.१°, प्रकाश ६४ टक्के
* म = ०.५ : प ७५ मिमी, दृश्यकोन २७.०°, प्रकाश सुमारे ४४ टक्के
* म = १ : प १०० मिमी, दृश्यकोन २०.४°, प्रकाश २५ टक्के

एकास एक विशालनाला ५० मिमीचे भिंग दृश्यकोनाच्या दृष्टीने १०० मिमीच्या भिंगासारखे वागते. त्याचे नाभीय अंतर मात्र ५० मिमीच राहिलेले असते.

## फोकस करण्याच्या पद्धती

### संपूर्ण लेन्स सरकवणे

या सर्वांत जुन्या पद्धतीत भिंगांचा संपूर्ण संच एकत्र पुढे सरकतो. भात्याचे कॅमेरे, अनेक जुन्या ५० मिमी लेन्स आणि मोबाइल फोनचे बहुतेक कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. यात नाभीय अंतर स्थिर राहते आणि दृश्यकोन अरुंद होतो. ६ मिमी नाभीय अंतराचा मोबाइल कॅमेरा १० सेंमी अंतरावरील वस्तूवर फोकस केल्यास प ६ मिमीवरून सुमारे ६.४ मिमी होतो. म्हणजे सेन्सर भिंगापासून सुमारे ६ टक्के अधिक दूर जातो व चौकट त्याच प्रमाणात आवळली जाते. एक्सटेन्शन ट्यूब हा याच पद्धतीचा विस्तार आहे. अनंतावर फोकस केलेल्या ५० मिमी लेन्समागे २५ मिमीची ट्यूब लावल्यास विशालन ०.५ मिळते.

### अंतर्गत फोकस

या पद्धतीत लेन्सची बाहेरची लांबी कायम राहते आणि आतील एखादा भिंगगट सरकतो. हलका गट मोटरने पटकन हलवता येतो आणि लेन्सचा तोलही ढळत नाही, म्हणून ऑटोफोकस लेन्समध्ये ही पद्धत रूढ झाली. मात्र भिंगांमधील अंतर बदलले की एकत्रित नाभीय अंतरही बदलते. न₁ आणि न₂ नाभीय अंतराची दोन भिंगे द अंतरावर असतील, तर:

१/न = १/न₁ + १/न₂ − द/(न₁ × न₂)

### तरंगते घटक

अनेक मॅक्रो लेन्समध्ये दोन किंवा अधिक गट वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. जवळच्या अंतरावर प्रतिमेतील दोष आटोक्यात ठेवणे हा त्यामागचा मुख्य हेतू असतो. नाभीय अंतरातील बदल हा त्याचा आनुषंगिक परिणाम होय.

## गणिती उदाहरण

समजा, पुढे +१०० मिमीचे बहिर्गोल आणि त्यामागे ५० मिमीवर −१०० मिमीचे अंतर्गोल भिंग आहे. वरील सूत्रानुसार या जोडीचे नाभीय अंतर २०० मिमी येते. अनंतावरील वस्तूची प्रतिमा मागच्या भिंगापासून १०० मिमीवर, म्हणजे पुढच्या भिंगापासून १५० मिमीवर पडते. सेन्सर तेथे कायमचा बसवला आहे असे धरू.

आता फक्त मागचे भिंग १० मिमी मागे सरकवले. द ६० मिमी झाला आणि नाभीय अंतर २०० वरून सुमारे १६७ मिमीपर्यंत घटले. पुढच्या भिंगापासून सुमारे १,४५७ मिमीवरील वस्तू आता स्पष्ट दिसते आणि विशालन ०.१४ मिळते.

दृश्यकोनाचे काय झाले, हे पाहण्यासाठी विशालनाला वस्तूच्या अंतराने गुणावे. गुणाकार २०४ मिमी येतो. लेन्सचे छिद्र पुढच्या भिंगापाशी आहे असे मानल्यास ही लेन्स दृश्यकोनाच्या बाबतीत आधी २०० मिमीसारखी होती आणि आता २०४ मिमीसारखी आहे. नाभीय अंतर सहावा हिस्सा कमी होऊनही चौकट केवळ २ टक्क्यांनी आवळली गेली. प्रतिमेचे अंतर वाढल्यामुळे दृश्य अरुंद होऊ पाहते, नाभीय अंतर घटल्यामुळे ते रुंद होऊ पाहते, आणि येथे दोन्ही परिणामांनी एकमेकांना जवळजवळ रद्द केले आहे.

## दृश्यकोनावरील परिणाम

या दोन विरुद्ध परिणामांच्या बेरीज-वजाबाकीनुसार लेन्सचे तीन प्रकार पडतात:

* दृश्य अरुंद होणारी लेन्स : नाभीय अंतर स्थिर राहते किंवा थोडेच घटते. संपूर्ण सरकणाऱ्या लेन्स आणि बऱ्याच मॅक्रो लेन्स या गटात येतात.
* दृश्य स्थिर राखणारी लेन्स : नाभीय अंतर नेमके हवे तितके घटते. चित्रपटांसाठी बनवलेल्या अनेक लेन्समध्ये हे जाणीवपूर्वक साधलेले असते.
* दृश्य रुंद होणारी लेन्स : नाभीय अंतर गरजेपेक्षा अधिक घटते. अंतर्गत फोकसच्या काही टेलिफोटो झूम लेन्स अशा असतात.

मानवी डोळ्यातही अशीच क्रिया घडते. बुबुळामागील भिंग आणि दृष्टिपटल यांच्यातील अंतर जवळजवळ स्थिर असते. जवळचे पाहताना भिंग फुगीर होऊन त्याचे नाभीय अंतर घटते. शालेय अभ्यासक्रमात यालाच समायोजन शक्ती म्हणतात.

## प्रत्यक्ष लेन्समधील घट

उत्पादक लेन्सचे किमान फोकस अंतर सेन्सरच्या प्रतलापासून मोजून देतात आणि त्यासोबत कमाल विशालनही देतात. सेन्सरपासून वस्तूचे अंतर ल असेल, तर प्रभावी नाभीय अंतराचा अंदाज असा काढता येतो:

न = ल × म / (१ + म)²

हा अंदाज लेन्सला एक पातळ भिंग मानतो. खऱ्या लेन्सला दोन मुख्य प्रतले असतात व त्यांमधील अंतर येथे दुर्लक्षित आहे, म्हणून उत्तर काही मिलिमीटरने चुकू शकते.

* कॅनन ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो : किमान अंतर ०.३० मीटर, विशालन १. अंदाजे नाभीय अंतर ७५ मिमी. १०० मिमीचे पातळ भिंग असते तर एकास एक विशालनाला ४०० मिमी अंतर लागले असते.
* निकॉन १०५ मिमी एफ/२.८ व्हीआर मायक्रो : किमान अंतर ०.३१४ मीटर, विशालन १. अंदाजे नाभीय अंतर ७८ ते ७९ मिमी.
* निकॉन ७०-२०० मिमी एफ/२.८ व्हीआर दोन (२००९) : किमान अंतर १.४ मीटर, विशालन ०.१२. २०० मिमीच्या खुणेवर अंदाजे नाभीय अंतर १३४ मिमी.
* निकॉन ७०-२०० मिमी एफ/२.८ ई एफएल (२०१६) : किमान अंतर १.१ मीटर, विशालन ०.२१. अंदाजे नाभीय अंतर १५८ मिमी.

यांपैकी तिसऱ्या लेन्सबाबत छायाचित्रकारांमध्ये बरीच चर्चा झाली. जवळून व्यक्तिचित्र घेताना चेहरा अपेक्षेपेक्षा लहान दिसतो, हे वापरकर्त्यांच्या ध्यानात आले होते. याला उत्पादनातील दोष म्हणता येत नाही. रचना करताना वजन, वेग, प्रतिमेची स्पष्टता आणि निकट विशालन यांत केलेल्या तडजोडीचा तो परिणाम आहे.

## इतर परिणाम

### प्रकाश

जवळ फोकस केल्यावर लेन्सचा एफ-क्रमांक व्यवहारात मोठा होतो. सममित लेन्ससाठी तो (१ + म) पट होतो, म्हणजे एकास एक विशालनाला एफ/४ ही लेन्स एफ/८ सारखी वागते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक लेन्समधून आलेला प्रकाशच मोजत असल्याने हा बदल आपोआप हिशेबात येतो. हातातील स्वतंत्र प्रकाशमापक किंवा हाताने नियंत्रित केलेला फ्लॅश वापरताना मात्र तो स्वतः धरावा लागतो.

### चलच्चित्रण

एकाच दृश्यात फोकस एका पात्रावरून दुसऱ्यावर नेताना पार्श्वभूमी आवळली किंवा पसरली तर प्रेक्षकांचे लक्ष विचलित होते. सोनीने २०२१ मधील अल्फा ७ मार्क चार या कॅमेऱ्यात प्रतिमा किंचित कापून व मोठी करून हा परिणाम झाकण्याची सोय दिली. ती फक्त आधार असलेल्या लेन्सवर चालते व चौकटीचा थोडा भाग गमवावा लागतो.

दीर्घकाळ टिपायच्या निकट चित्रणात कॅमेऱ्याप्रमाणे फोकसही जागच्या जागी ठेवावा लागतो, अन्यथा प्रत्येक चौकटीचे प्रमाण वेगळे येते. भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या प्रयोगांत दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये केलेल्या 'अंकुराची वाढ' या लघुपटाचा समावेश होतो. त्यात वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली होती.

### फोकस स्टॅकिंग

एकाच वस्तूची वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली अनेक छायाचित्रे जोडून सर्वत्र स्पष्ट असे एक चित्र तयार करतात. लेन्सचे फोकस-वलय फिरवून ही मालिका घेतल्यास प्रत्येक चित्राचे प्रमाण थोडे बदलते, म्हणून जोडणाऱ्या संगणक प्रणालीला आधी सर्व चित्रे एका मापात आणावी लागतात.

## शिल्पांचे दस्तऐवजीकरण : अंबरनाथ

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे सलग आहेत. त्यांपैकी अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील तेथील शिलालेख शके ९८२ (इ.स. १०६०) चा आहे. बेसाल्टमध्ये बांधलेल्या या भूमिज शैलीच्या मंदिराच्या बाह्य भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील ही वास्तू दरवर्षी कोकणातील जोरदार पावसाला तोंड देत असल्याने शिल्पांची झीज कालांतराने तपासण्यासाठी मोजमापासह नोंदी आवश्यक ठरतात.

या मंदिराचे पद्धतशीर दस्तऐवजीकरण १८६८ पासून झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या चमूने त्या कामात मंदिराची रेखाचित्रे काढली, छायाचित्रे घेतली आणि शिल्पांचे साचे घेतले. साच्यात वस्तूचे माप थेट उतरते. छायाचित्रात ते उतरत नाही. त्यासाठी विशालन ठाऊक असावे लागते. त्या काळच्या भात्याच्या कॅमेऱ्यात संपूर्ण लेन्स सरकत असे, त्यामुळे भाता किती ताणला आहे हे मोजून विशालनाचा हिशेब करता येई. आजच्या अंतर्गत फोकसच्या लेन्सवर तो हिशेब लागू पडत नाही.

चूक किती मोठी होऊ शकते, हे वर दिलेल्या २००९ च्या झूम लेन्सवरून दिसते. भिंतीवरील एखादा कोरीव चेहरा या लेन्सने २०० मिमीच्या खुणेवर, १.४ मीटरवरून टिपला आणि सेन्सरवर त्याची प्रतिमा १० मिमी उंच आली, असे समजू. नाभीय अंतर २०० मिमी धरून गणित केल्यास विशालन सुमारे ०.२१ आणि चेहऱ्याची उंची ४८ मिमी येते. प्रत्यक्षातील विशालन ०.१२ असल्यामुळे खरी उंची सुमारे ८३ मिमी असते. अशा दोन नोंदी वेगवेगळ्या लेन्सने, वेगवेगळ्या वर्षी घेतल्या गेल्या तर गणितातली तफावत दगडाची झीज म्हणून नोंदली जाऊ शकते.

म्हणून दस्तऐवजीकरणात पुढील पथ्ये पाळतात:

* शिल्पाच्या प्रतलातच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेणे. उठावाच्या शिल्पात मोजपट्टी मागच्या भिंतीला टेकवल्यास पुढे आलेला भाग खऱ्यापेक्षा मोठा मोजला जातो.
* सेन्सर आणि शिल्पाचे प्रतल समांतर ठेवणे.
* अनेक छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार करताना (फोटोग्रामेट्री) संपूर्ण मालिकेत झूम आणि फोकस दोन्ही कुलूपबंद ठेवणे. संगणक प्रणाली संपूर्ण मालिकेसाठी सहसा प्रतिमेचे एकच अंतर गृहीत धरते. प्रत्येक चित्रात ऑटोफोकस झाल्यास ते गृहीतक मोडते.
* लेन्सच्या आकड्यासोबत फोकसचे अंतरही नोंदवणे.

## कीटक आणि लहान वस्तू

बदलापूरजवळील बारवी धरण आणि कोंडेश्वर परिसरात पावसाळ्यात आढळणारे कीटक व फुलपाखरे टिपताना हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. ब्लू मॉरमॉन हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू (२०१५ पासून) १२० ते १५० मिमी पंखविस्ताराचे असते. १२० मिमीचे फुलपाखरू फुल-फ्रेम चौकटीच्या रुंदीत पूर्ण बसवण्यास ०.३ विशालन पुरते. या टप्प्यावर नाभीय अंतरातील घट मर्यादित असते. १२ मिमीचा कीटक मात्र एकास एक विशालनालाही चौकटीचा एक तृतीयांशच व्यापतो. तेथे प्रभावी नाभीय अंतर घटल्यामुळे लेन्स कीटकाच्या अधिक जवळ न्यावी लागते. सावली पडते किंवा कीटक उडून जातो. म्हणून मॅक्रो लेन्स निवडताना नाभीय अंतराच्या आकड्यापेक्षा लेन्सच्या टोकापासून वस्तूपर्यंत उरणारे अंतर पाहणे उपयुक्त ठरते.

उल्हासनगरच्या जीन्स व्यवसायासारख्या क्षेत्रात विक्रीच्या छायाचित्रांसाठीही हे लागू आहे. पूर्ण कपडा आणि त्यावरील बटण किंवा शिवण एकाच लेन्सने टिपल्यास दोन्ही चित्रांचे प्रमाण केवळ अंतराच्या गुणोत्तरावरून काढता येत नाही.

## मापनाची सोपी पद्धत

विद्यार्थ्यांना हा बदल साध्या साधनांनी तपासता येतो.

# भिंतीवर आडवी मोजपट्टी लावून कॅमेरा तिच्यासमोर काटकोनात ठेवावा.
# लेन्स किमान अंतरावर फोकस करून, कॅमेरा पुढेमागे सरकवून पट्टी स्पष्ट करावी.
# चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसतात ते वाचावे. सेन्सरची रुंदी (फुल-फ्रेमसाठी ३६ मिमी, एपीएस-सी प्रकारात बहुधा २३.५ मिमी) भागिले ही संख्या म्हणजे विशालन.
# अनेक कॅमेऱ्यांवर सेन्सरचे प्रतल दाखवणारी, रेषेने छेदलेल्या वर्तुळाची खूण असते. तेथून पट्टीपर्यंतचे अंतर मोजावे.
# दोन्ही संख्या वरील सूत्रात घालून प्रभावी नाभीय अंतराचा अंदाज काढावा.

उदाहरणार्थ, फुल-फ्रेम कॅमेऱ्यात पट्टीचे ७२ मिमी दिसले आणि अंतर ३६० मिमी भरले, तर विशालन ०.५ आणि अंदाजे नाभीय अंतर ८० मिमी येते. केवळ प्रमाण हवे असल्यास तिसरी पायरी पुरेशी आहे. तेथे नाभीय अंतराची गरजच पडत नाही.

## सामान्य गैरसमज

* 'लेन्सवरचा आकडा खोटा असतो.' आकडा अनंतावरील फोकससाठी असतो आणि त्या स्थितीत तो जवळपास बरोबर असतो.
* 'ब्रीदिंग म्हणजे नाभीय अंतरातील बदल.' ब्रीदिंग हा दृश्यकोनातील बदल आहे. नाभीय अंतर हे त्याच्या कारणांपैकी केवळ एक आहे.
* 'लहान सेन्सरमुळे प्रभावी नाभीय अंतर वाढते.' सेन्सरच्या आकारानुसार सांगितले जाणारे 'समतुल्य नाभीय अंतर' ही वेगळी संज्ञा आहे. ती फक्त दृश्यकोनाची तुलना करण्यासाठी वापरतात. लेन्समध्ये त्याने काहीही बदलत नाही.
* 'जवळ गेल्यावर यथादर्शन लेन्समुळे बदलते.' यथादर्शन कॅमेरा आणि वस्तू यांच्यातील अंतरावर अवलंबून असते, नाभीय अंतरावर नाही.

## हेही पाहा

* भिंग
* नाभीय अंतर
* मॅक्रो छायाचित्रण
* फोटोग्रामेट्री
* समायोजन शक्ती
* अंबरनाथ शिवमंदिर